एक्लिप्समधला जावा प्रोजेक्ट क्लाउड सर्व्हरवर कसा चढवायचा

एक्लिप्समध्ये हिरवं बटण दाबलं की प्रोजेक्ट उठतो, लॉगिन होतं, यादी दिसते. तोच प्रोजेक्ट सर्व्हरवर ठेवला की ४०४ येतो, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवू नका. जावाची आवृत्ती, डेटाबेसचा ड्रायव्हर, भारतीय वेळ, देवनागरी फॉन्ट, लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणारं विंडोज, हे सगळं लॅपटॉप न सांगता पुरवत असतो. सर्व्हरवर यातलं एकेक आपल्याला नेऊन ठेवावं लागतं.

इथे धरलेली मांडणी अशी: विंडोज लॅपटॉप, एक्लिप्स, मेवन (प्रोजेक्ट बांधणारं साधन), सर्व्हलेट आणि जेएसपीचा प्रोजेक्ट, मायएसक्यूएल. तो न्यायचाय अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या मुंबई रीजनमधल्या (म्हणजे तिथल्या डेटासेंटरांमधल्या) एका ईसीटू मशीनवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर. मशीनवर उबुंटू २४.०४, टॉमकॅट १० (जावा प्रोजेक्ट चालवणारा सर्व्हर) आणि त्याच्या पुढे एन्जिनएक्स (बाहेरच्या विनंत्या टॉमकॅटकडे पोचवणारा वेब सर्व्हर). स्प्रिंग बूट वापरत असाल तर टॉमकॅट जारच्या पोटातच असतो, त्यामुळे पायरी ७ वेगळी होईल. बाकीचं जवळपास सगळं लागू आहे.

कमांड, सेटिंगा आणि फाइलींची नावं इथे उच्चारल्याप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायची.

हाताशी काय हवं

- ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड, आणि बँकेशी जोडलेला मोबाइल
- पॅन, व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, क्रमांक आधीच भरला तर तो बिलावर छापून येतो.
- स्वतःच्या नावावरचं डोमेन आणि त्याच्या डीएनएस पानाचा (डोमेन कोणत्या आयपीकडे जातं हे जिथे लिहितात त्या पानाचा) पासवर्ड. डोमेन एखाद्या मित्राच्या खात्यात असेल तर आधी ते स्वतःकडे घ्या.
- लॅपटॉपवर जेडीके १७ किंवा २१, मेवन, गिट. एसएसएच (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडायला) आणि एससीपी (तिथे फाइल पाठवायला) विंडोज १० आणि ११ मध्ये येतंच, पुट्टीची गरज नाही.

१. आधी लॅपटॉपवरच प्रोजेक्ट बांधून घ्या

मशीन सुरू केलं की मीटर पडायला लागतो. म्हणून हे काम खातं उघडण्याच्याही आधी करा. एकूण अडचणींपैकी निम्म्या इथेच संपतात.

एक्लिप्सच्या आत चाललेल्या प्रोजेक्टवर विश्वास ठेवू नका. एक्लिप्स बंद करा, कमांड प्रॉम्प्टवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि ‘एमव्हीएन क्लीन पॅकेज’ चालवा. टार्गेट फोल्डरमध्ये जी वॉर फाइल (सगळा वेब प्रोजेक्ट एका गठ्ठ्यात) तयार होईल तीच सर्व्हरवर जाणार. ती लॅपटॉपवरच एका कोऱ्या, नव्यानं उतरवलेल्या टॉमकॅट १०.१ मध्ये टाकून बघा. इथे चार गोष्टी हमखास अडतात.

पहिली, ड्रायव्हर. मायएसक्यूएलची जार फाइल एक्लिप्सच्या बिल्ड पाथमध्ये हातानं जोडलेली असते, किंवा कधीतरी जुन्या टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये टाकलेली असते. मेवनच्या पॉम फाइलमध्ये तिची नोंदच नसते, म्हणून ती वॉरमध्ये जात नाही आणि क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन येतं. सगळ्या जार पॉममधूनच याव्यात. अपवाद सर्व्हलेट एपीआयचा: त्याचा स्कोप ‘प्रोव्हाइडेड’ ठेवा, कारण तो टॉमकॅट स्वतः आणतो.

दुसरी, जावाची आवृत्ती. उबुंटू २४.०४ वर टॉमकॅटबरोबर जावा २१ येतं. लॅपटॉपवर त्याहून नवं जेडीके असेल आणि पॉममध्ये आवृत्ती बांधलेली नसेल, तर सर्व्हर अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर देतो. त्यातला आकडा वाचता आला पाहिजे: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. पॉममध्ये ‘मेवन.कंपायलर.रिलीज’ १७ करून टाका. १७ साठी बांधलेलं २१ वर चालतं, उलटं चालत नाही.

तिसरी सर्वात छळते, कारण ती एरर देतच नाही. टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटचं पॅकेज ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ होतं, टॉमकॅट १० पासून ते ‘जकार्ता.सर्व्हलेट’ झालं. जुन्या नावानं लिहिलेल्या सर्व्हलेटवर ‘@वेबसर्व्हलेट’ असेल तर टॉमकॅट १० त्याकडे बघतही नाही. मुखपृष्ठ उघडतं, चित्रं दिसतात, पण लॉगिनचं बटण दाबलं की ४०४, आणि लॉग कोरा. पाट्या दिसताहेत पण सर्व्हलेट सापडत नाही, असं चित्र असेल तर आधी इम्पोर्टच्या ओळी बघा. दुरुस्ती करताना ‘जावाएक्स’ हा शब्द सरसकट बदलू नका. ‘जावाएक्स.एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स.नेमिंग’ ही जेडीकेचीच पॅकेजं आहेत, ती तशीच राहतात. जेएसटीएलची जुनी १.२ जारही काढून जकार्तावाली घ्यावी लागते.

चौथी, अक्षरांचा आकार. फोल्डरचं नाव ‘इमेजेस’ मोठ्या आयनं आणि जेएसपीत लहान आयनं लिहिलं, तरी विंडोज चालवून घेतं. लिनक्स घेत नाही. सीएसएस आणि चित्रांचे पत्ते एकदा डोळ्यांखालून घाला. त्याच बैठकीत दुव्यांच्या सुरुवातीचं प्रोजेक्टचं नाव काढून तिथे कॉन्टेक्स्ट पाथ वापरा, कारण सर्व्हरवर साइट थेट डोमेनच्या मुळाशी उघडणार आहे.

डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये असेल तर तोही आत्ताच बाहेर काढा. तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचायचा. गिटवर एकदा गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो. तसं झालं असेल तर पासवर्डच बदला.

२. खातं, कुलूप आणि बिलाची सूचना

खातं उघडताना कार्डावर एक-दोन रुपयांची पडताळणी होते. दर महिन्याच्या वसुलीसाठी बँक ई-मँडेट (आपोआप वसुलीची परवानगी) मागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी ओटीपीशिवाय होऊ शकते, म्हणून पुढचं काम टाळू नका.

खातं उघडल्याबरोबर तीन गोष्टी करा. रूट लॉगिनला (खात्याच्या मुख्य लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी पडताळणी, लावा. रोजच्या कामासाठी वेगळा आयएएम यूझर (मर्यादित हक्कांचा) करा. बिलिंगमध्ये जाऊन बजेट लावा, उदाहरणार्थ १० डॉलरचं, आणि त्याच्या ५० व ८० टक्क्यांवर ईमेल मागवा. हे बजेट फक्त कळवतं, काहीही बंद करत नाही. त्यामुळे जो पत्ता रोज उघडता तोच द्या.

मग कन्सोलच्या वर उजव्या कोपऱ्यात रीजन बघा. तिथे मुंबई निवडा. हे रीजन २०१६ पासून आहे, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या वापरणाऱ्यांना जवळचं आहे. हा कोपरा विसरला की मशीन व्हर्जिनियात तयार होतं. दुसऱ्या दिवशी कन्सोल मुंबई दाखवतो, यादी रिकामी दिसते, आपण नवं मशीन करतो आणि बिल मात्र दोघांचं येतं.

३. मशीन निवडा

टॉमकॅट आणि मायएसक्यूएल एकाच मशीनवर ठेवायचं तर २ जीबी रॅमचं टी३.स्मॉल घ्या. १ जीबीचं टी३.मायक्रो स्वस्त आहे, पण मायएसक्यूएल ४०० एमबीच्या आसपास जागा घेऊन बसतं आणि जावा उरलेली खातं. नावात ‘जी’ असलेली, म्हणजे टी४जीसारखी मशीनं एआरएम प्रोसेसरची असतात. निव्वळ जावाला चालतात, पण सोबत एखादं बाहेरचं इंटेल-बनावटीचं साधन लागत असेल तर अडेल.

डिस्क ८ जीबी सुचवली जाते, २० करा. जीपी३ प्रकार ठेवा.

की पेअर (मशीनमध्ये शिरायची किल्ली) तयार करताना तिची पेम फाइल एकदाच उतरवता येते. ती डाउनलोड फोल्डरमध्ये सोडू नका. यूझर फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’मध्ये हलवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनच्या फायरवॉलमध्ये) तीनच दारं, म्हणजे पोर्ट: एसएसएचचं २२ फक्त ‘माय आयपी’साठी, ८० आणि ४४३ सर्वांसाठी. टॉमकॅटचं ८०८० उघडू नका. मायएसक्यूएलचं ३३०६ तर मुळीच नाही, ‘थोडा वेळ तपासण्यापुरतं’ म्हणूनही नाही. उघड्या पोर्टवर पासवर्ड आजमावणारे बॉट यायला फार वेळ लागत नाही.

शेवटी इलास्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घेऊन मशीनला जोडा. न जोडता मशीन स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलंत तर पत्ता बदलतो आणि डोमेन भलतीकडे बोट दाखवत राहतं. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६० डॉलर. मशीन बंद असलं तरी हा मीटर चालूच असतो.

४. आत शिरा

‘एसएसएच डॅश आय’, पुढे पेम फाइल, मग ‘उबुंटू @’ आणि आयपी. यूझरचं नाव उबुंटूच, रूट नाही. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर एररचे शब्द नीट वाचा, कारण ते कुठे अडलंय ते अचूक सांगतात.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’: सिक्युरिटी ग्रुपनं अडवलं. बहुधा घरचा आयपी बदललाय किंवा तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहात. २२ च्या नियमात ‘माय आयपी’ पुन्हा निवडा.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. अजून बूट होत असेल, मिनिटभर थांबा.

‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’: यूझरचं नाव किंवा किल्ली चुकली.

‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’: पेम फाइल लॅपटॉपवरच्या इतर यूझरनाही वाचता येतेय. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड. इनहेरिटन्स बंद करून फक्त स्वतःचं नाव ठेवा.

हा फरक लक्षात ठेवा. पुढे डेटाबेस आणि डीबगरच्या वेळीही पहिले दोन एरर याच अर्थानं भेटतील.

५. मशीनची तयारी

‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’, मग ‘सुडो अ‍ॅप्ट अपग्रेड’. त्यानंतर ही कामं, याच क्रमानं:

स्वॅप. या मशीनवर स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा, नसतो. रॅम संपली की लिनक्स सर्वात जाड प्रोसेस मारून टाकतं, आणि ती बहुधा मायएसक्यूएल किंवा जावा असते. २ जीबीची स्वॅपफाइल करा: एफअ‍ॅलोकेट, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि शेवटी एफएसटॅबमध्ये ओळ. शेवटची ओळ राहिली तर पहिल्या रीबूटनंतर स्वॅप नाहीसा होतो.

वेळ. मशीन यूटीसीवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ चालवा. हे राहिलं तर दिवसा काही जाणवत नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात भरलेल्या नोंदींवर मात्र आदल्या दिवसाची तारीख पडते आणि महिन्याच्या १ तारखेचा हिशेब चुकतो.

टॉमकॅट. ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल टॉमकॅट१०’. झिप उतरवून हातानं बसवायच्या सूचना जागोजागी मिळतील, पण पॅकेज घेतलं तर सुरक्षा दुरुस्त्या अ‍ॅप्टमधून येतात आणि टॉमकॅट रूट म्हणून चालवायची चूक होत नाही. मॅनेजर अ‍ॅपचं वेगळं पॅकेज असतं, ते बसवू नका. फाइल चढवायला एससीपी आहेच.

मेमरी. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/टॉमकॅट१०’ या फाइलीत जावा_ऑप्ट्सच्या ओळीत आधीचं न काढता ‘डॅश एक्सएमएक्स७६८एम’ जोडा. न सांगता जावा रॅमचा चौथा हिस्सा घेतं, म्हणजे २ जीबीवर ५१२ एमबी.

फॉन्ट. प्रोजेक्ट पीडीएफ पावत्या किंवा प्रमाणपत्रं बनवत असेल तर हे विसरू नका. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसतो, त्यामुळे मराठीच्या जागी चौकोन येतात. ‘फॉन्टकॉन्फिग’ आणि ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ बसवा. चौकोन गेले पण ‘क्ष’ आणि ‘र्य’ फुटून दिसले, तर दोष फॉन्टचा नाही. पीडीएफ बनवणारी लायब्ररी जोडाक्षरं जुळवत नाही. तिथे लायब्ररी बदलणं हाच उपाय.

६. डेटाबेस

‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल मायएसक्यूएल-सर्व्हर’. लॅपटॉपवर यूझर रूट आणि पासवर्ड रूट असं चालत होतं, इथे चालणार नाही. उबुंटूवर मायएसक्यूएलचा रूट पासवर्डनं नव्हे तर सुडोनं उघडतो. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये रूट ठेवलात की ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. प्रोजेक्टसाठी वेगळा यूझर करा, त्याला फक्त एका डेटाबेसचे हक्क द्या आणि होस्ट लोकलहोस्ट ठेवा.

डेटाबेस तयार करताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ स्पष्ट लिहा. जुन्या प्रोजेक्टांत टेबलं लॅटिन१ मध्ये असतात. तिथे ‘सावंतवाडी’ लिहिलं की प्रश्नचिन्हं साठतात, आणि साठलेली प्रश्नचिन्हं पुन्हा मराठी होत नाहीत.

डेटा नेतानाचा सापळा खास विंडोजचा आहे. पॉवरशेलमध्ये ‘मायएसक्यूएलडंप’ चालवून बाणाच्या चिन्हानं फाइलीत वळवलंत, तर जुनं पॉवरशेल ५.१ ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं आणि सर्व्हरवर आयात पहिल्याच ओळीला अडते. बाण वापरू नका, ‘डॅश डॅश रिझल्ट-फाइल’ हा पर्याय द्या.

यानंतर ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट’ येईल, आणि टेबल तर समोर दिसत असेल. कारण विंडोजवर मायएसक्यूएल टेबलांची नावं लहान अक्षरांत साठवतं आणि क्वेरीत कशीही लिहिली तरी ओळखतं. लिनक्सवर एसनं सुरू होणारं ‘स्टुडंट्स’ मोठ्या आणि लहान एसचं, ही दोन वेगळी टेबलं. सर्व्हरची सेटिंग बदलायचा मोह होईल, पण मायएसक्यूएल ८ मध्ये ती डेटाबेस पहिल्यांदा बसतानाच ठरते, नंतर बदलत नाही. क्वेरीतली नावं लहान अक्षरांत करा.

‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ दिसलं तर कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कुठूनतरी उचललेलं ‘यूझएसएसएल=फॉल्स’ असणार. ते काढून टाका.

आता कॉलेज प्रोजेक्टांतला सर्वात जुना रोग. एक स्टॅटिक कनेक्शन, सुरुवातीला उघडलेलं, सगळ्यांनी मिळून वापरायचं. लॅपटॉपवर प्रोजेक्ट तासभर चालतो आणि बंद होतो, म्हणून हे कधी कळत नाही. मायएसक्यूएल ८ तास, म्हणजे २८,८०० सेकंद वापरात नसलेलं कनेक्शन तोडतं. रात्री कोणी साइट उघडत नाही. सकाळी पहिल्या माणसाला ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’. टॉमकॅट रीस्टार्ट केला की दिवसभर सगळं ठीक, उद्या पुन्हा तेच. रोज पहाटे रीस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून हे झाकणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा हिकारीसीपी ही कनेक्शन पूलची लायब्ररी घाला. हा पूल कनेक्शनं आपणहून अर्ध्या तासात बदलतो. कोडमध्ये फक्त प्रत्येक कनेक्शन काम झाल्यावर क्लोज करा, ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरलं की ते आपोआप होतं.

पासवर्ड सर्व्हरवर द्यायला एक छोटी फाइल करा, ‘/ईटीसी/’मध्ये, मालक रूट, परवानगी ६००, आत नाव आणि किंमत. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट टॉमकॅट१०’ चालवून कंसातल्या ‘सर्व्हिस’ या शीर्षकाखाली ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ची ओळ लिहा. एडिटर उघडल्यावर मध्येच एक सूचना दिसते की या खालच्या ओळी टाकून दिल्या जातील. आपला मजकूर त्या सूचनेच्या वर लिहायचा. खाली लिहिलात तर सेव्ह केल्यावर तो नाहीसा होतो, कुरकुरही न करता.

७. वॉर फाइल चढवा

वॉरचं नाव जे असेल त्या नावानं साइट उघडते. डोमेनच्या मुळाशी हवी असेल तर नाव रूट, चारही अक्षरं मोठी. टॉमकॅटच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये याच नावाचा स्वागताचा फोल्डर आधीच असतो, तो काढावा लागतो.

क्रम पाळा:

१. लॅपटॉपवरून एससीपीनं वॉर उबुंटू यूझरच्या घरी पाठवा. थेट वेबअ‍ॅप्समध्ये पाठवू नका. टॉमकॅट त्या फोल्डरवर नजर ठेवून असतो, अर्धी आलेली फाइलच उघडायला जातो आणि झिपएक्सेप्शन देतो.
२. टॉमकॅट थांबवा.
३. जुनी वॉर तारीख घालून बाजूला ठेवा, जुना रूट फोल्डर पुसा.
४. नवी वॉर ‘/व्हार/लिब/टॉमकॅट१०/वेबअ‍ॅप्स’मध्ये हलवा. टॉमकॅट यूझरला ती वाचता आली पाहिजे.
५. टॉमकॅट सुरू करा आणि ‘जर्नलसीटीएल डॅश यू टॉमकॅट१० डॅश एफ’ लावून बघत बसा.

मग मशीनवरच ‘कर्ल लोकलहोस्ट:८०८०’ करा. इथे पान आलं म्हणजे टॉमकॅट आणि अ‍ॅप ठीक. यापुढे काही बिघडलं तर ते पुढच्या थरात.

लॉगमध्ये ‘वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टु स्टार्ट’ आलं तर खरं कारण त्या लॉगमध्ये नसतं. ते ‘/व्हार/लॉग/टॉमकॅट१०’मध्ये ‘लोकलहोस्ट’ नावानं सुरू होणाऱ्या, त्या दिवसाची तारीख असलेल्या फाइलीत असतं. ही फाइल न उघडता दोन-दोन दिवस अंदाज बांधत बसणारे लोक आहेत.

साइट उघडली, फोटो अपलोड केला, आणि ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. परवानगी ७७७ दिली तरी तेच. उबुंटूचं हे पॅकेज टॉमकॅटला मोजक्या फोल्डरांबाहेर लिहू देत नाही, आणि ते बंधन सिस्टिमडीचं (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेचं) आहे, फाइलपरवानगीचं नाही. अपलोडसाठी ‘/एसआरव्ही/अपलोड्स’सारखा फोल्डर करा, मालक टॉमकॅट ठेवा, आणि मघाच्याच एडिटमध्ये ‘रीडराइटपाथ्स’ म्हणून त्याचा पत्ता द्या. फोल्डर आधी करा, ओळ नंतर. फोल्डर नसताना रीस्टार्ट केलंत तर टॉमकॅट २२६ हा कोड देऊन उठतच नाही. अपलोड वेबअ‍ॅप्सच्या आत ठेवणं हा सोपा रस्ता दिसतो, पण पुढच्या वेळी रूट फोल्डर पुसताना सगळ्यांचे फोटो जातील.

८. डोमेन, एन्जिनएक्स, प्रमाणपत्र

डोमेनच्या डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड करून इलास्टिक आयपी द्या. विकत घेतल्यापासून पडून असलेला एएएए (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड असेल तर काढा, नाहीतर काही लोकांना साइट दिसेल आणि काहींना डोमेन विकणाऱ्याचं पान. ‘एनएसलुकअप’नं बरोबर आयपी येईपर्यंत प्रमाणपत्राकडे वळू नका.

एन्जिनएक्स बसवा, साइट्स-एनेबल्डमधली डिफॉल्ट फाइल काढा आणि आपली फाइल ठेवा. तिच्यात ‘सर्व्हर_नेम’, मग ‘प्रॉक्सी_पास’ला १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८०. तीन हेडर पुढे पाठवा: होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. आणि ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ १० एम करा. मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि आजच्या मोबाइलचा फोटो त्यात बसत नाही. ‘एन्जिनएक्स डॅश टी’नं तपासूनच रीलोड.

टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये दोन बदल. ८०८० च्या कनेक्टरला अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ द्या, म्हणजे तो मशीनच्या बाहेर ऐकणारच नाही. आणि रिमोटआयपीव्हॉल्व्ह घालून त्याला प्रोटोकॉलच्या हेडरचं नाव द्या. हा व्हॉल्व्ह राहिला तर लॉगिननंतर साइट सुरक्षित पत्त्यावरून साध्या एचटीटीपीवर ढकलू शकते, आणि लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, सर्टबॉटनं, फुकट. ते ९० दिवसांचं असतं आणि नूतनीकरण आपोआप होतं. त्यासाठी पोर्ट ८० उघडंच राहू द्या. ‘आता सगळं ४४३ वर आहे’ म्हणून ८० बंद करणाऱ्यांची साइट तीन महिन्यांनी लाल पाटी दाखवते. आधी ‘डॅश डॅश ड्राय-रन’ करा. तासाभरात एकाच नावासाठी पाच वेळा पडताळणी फसली की पुढे थांबावं लागतं.

आता ब्राउझरमधला आकडाच थर सांगतो. ५०२ म्हणजे टॉमकॅट बंद आहे किंवा अजून उठतोय. ५०४ म्हणजे टॉमकॅट जिवंत आहे पण ६० सेकंदांत उत्तर आलं नाही, क्वेरी तपासा. ४१३ म्हणजे फाइल मोठी. टॉमकॅटच्या साच्यातला ४०४ म्हणजे एन्जिनएक्स ठीक आहे, अ‍ॅप चढलेलं नाही.

९. एक्लिप्समधून सर्व्हरमध्ये डोकावणं

सर्व्हरवरचा डेटा बघायला मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये कनेक्शनचा प्रकार ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी ओव्हर एसएसएच’ निवडा. पेम फाइल दिली की काम झालं, ३३०६ उघडावं लागत नाही.

चालू अ‍ॅप डीबग करायचं तर जावा_ऑप्ट्समध्ये जेडीडब्ल्यूपीची (दुरून डीबग करण्याची) ओळ तात्पुरती घाला, पत्ता १२७.०.०.१:८०००. लॅपटॉपवरून एसएसएचला ‘डॅश एल ८०००:लोकलहोस्ट:८०००’ द्या आणि एक्लिप्सच्या डीबग कॉन्फिगरेशनमध्ये रिमोट जावा अ‍ॅप्लिकेशन घेऊन लोकलहोस्ट ८००० ला जोडा. ब्रेकपॉइंटवर थांबलात की त्या रिक्वेस्टचा माणूसही थांबतो, तेव्हा हे गर्दीच्या वेळी नको. काम झालं की ओळ काढा. हे पोर्ट बाहेर उघडं राहिलं तर कोणीही तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो.

१०. बॅकअप, आणि गुंडाळताना

रोज रात्री मायएसक्यूएलडंप क्रॉनमधून, आणि ती फाइल अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री या साठवणीवर. त्याच मशीनवर ठेवलेली प्रत डिस्क गेली की सोबतच जाते. महिन्यातून एकदा ती प्रत लॅपटॉपवर आयात करून एखादं मराठी नाव वाचून बघा.

प्रोजेक्ट संपला आणि सगळं बंद करायचंय? स्टॉप केल्यानं फक्त मशीनचं भाडं थांबतं. डिस्क आणि इलास्टिक आयपीचं चालू राहतं. आधी डंप आणि अपलोड उतरवून घ्या. मग टर्मिनेट करा, यात मूळ डिस्क पुसली जाते. इलास्टिक आयपी वेगळा रिलीज करावा लागतो. व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉटच्या याद्याही उघडून बघा, आणि कोपऱ्यातलं रीजन बदलून व्हर्जिनियातही एकदा डोकावा.